ब्रू नदीच्या खोऱ्यातील पायवाटा : पाणथळ प्रदेशाच्या इतिहासाचे एक साधन

राजमार्गाचा इतिहास लिहिणाऱ्यास साधनांची वाण सहसा पडत नाही. जकातीच्या नोंदी, सैन्याच्या कुचाची वर्णने, प्रवाशांचे वृत्तान्त, क्वचित् एखादा शिलालेख अशी सामग्री त्याच्या हाताशी असते. पायवाटेचे तसे नाही. ती कोणी आखली, केव्हा आखली आणि कोणासाठी, याची नोंद ठेवण्याचे कारण कोणास वाटले नाही. डोंगरातील वाट निदान खडकात पायऱ्यांच्या रूपाने उरते. नाणेघाटाचा फरसबंद चढ आजही चालून पाहता येतो. नदीच्या खोऱ्यातील, त्यातही दलदलीतील वाट मात्र एका पुरासरशी पुसली जाते आणि म्हणून तिचा इतिहास लिहिताच येत नाही, असे आपण गृहीत धरून चालतो. हे गृहीत कितपत खरे आहे, हे प्रस्तुत लेखात इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सॉमरसेट परगण्यातल्या ब्रू नदीच्या खोऱ्याचे उदाहरण घेऊन तपासावयाचे आहे. या खोऱ्यातून आज हौशी पदयात्री पाठीवर पिशव्या टाकून पाणपक्षी पाहत हिंडतात. ते ज्या वाटांनी जातात त्या वाटांचा पूर्वेतिहास जवळजवळ सहा हजार वर्षे मागे नेता येतो, आणि तो नेता येतो तो दलदलीमुळेच.

प्रथम भूमीचे स्वरूप लक्षात घेणे अवश्य आहे. खोऱ्याच्या दक्षिणेस पोल्डन नावाची चुनखडीची बुटकी टेकड्यांची रांग आहे, उत्तरेस वेडमोरचा उंचवटा आहे, पूर्वेस ग्लॅस्टनबरीची प्रसिद्ध टेकडी आहे आणि पश्चिमेस ब्रिस्टल चॅनलचा समुद्र आहे. त्या समुद्राची भरती जगातील सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक असून भरतीच्या वेळी पाण्याची पातळी आतल्या सखल जमिनीहून वर जाते. आपल्याकडील खाजणे ज्याने पाहिली आहेत त्यास ही स्थिती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. गोव्यात बांध आणि मानस यांच्या साह्याने जे साधले जाते तेच येथे बंधारे आणि दरवाजे यांच्या साह्याने साधावे लागते. खोऱ्याच्या मध्यभागी वेस्टहे, मीअर, बर्टल अशी थोडी कोरडी उंचवट्याची ठिकाणे आहेत. ती पूर्वी खरोखरीच बेटे होती. समुद्र मागे हटल्यावर त्याने टाकलेल्या चिकणमातीवर बोरू व लव्हाळे माजले, पुढे ओली वने उगवली, आणि पाण्यात बुडून अर्धवट कुजलेल्या या वनस्पतींचे थरावर थर साचत गेले. या थरांना पीट म्हणतात. पीट वाळवून जाळता येते, आणि अलीकडे ते बागाईतीच्या मातीत मिसळण्यासाठी वापरले गेले. इतिहासकारास त्याचा वेगळाच उपयोग आहे. पाण्याने भिजलेल्या पीटमध्ये प्राणवायू शिरत नाही. त्यामुळे लाकूड, बिया, परागकण या एरवी नाश पावणाऱ्या वस्तू त्यात हजारो वर्षे टिकतात.

१९७० साली रे स्वीट नावाचा एक पीट कापणारा कामगार खंदक साफ करीत असता त्यास खोल थरात एक कठीण फळी लागली. तिचा तुकडा केंब्रिज येथील पुरातत्त्वज्ञ जॉन कोल्स यांच्यापर्यंत पोहोचला आणि त्यातून जो मार्ग उजेडात आला त्यास शोधकाच्या नावावरून ‘स्वीट ट्रॅक’ असे नाव पडले. पुढे १९७३ पासून १९८९ पर्यंत जॉन कोल्स व ब्रायनी कोल्स यांच्या नेतृत्वाखाली या प्रदेशाचे पद्धतशीर संशोधन झाले आणि त्याचे वृत्तान्त ‘सॉमरसेट लेव्हल्स पेपर्स’ या नावाच्या पंधरा अंकांतून प्रसिद्ध झाले. कोणत्याही विद्यापीठीय विभागाने हेवा करावा असे हे काम आहे. कारण येथे उत्खनन हे पीट कापणाऱ्या यंत्राच्या पुढे धावत, तेही वर्षानुवर्षे, करावे लागले.

स्वीट ट्रॅक हा पोल्डनच्या पायथ्यापासून वेस्टहे बेटापर्यंत सुमारे १८०० मीटर जाणारा लाकडी मार्ग होता. त्याची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली आहे. बोरूच्या दलदलीत आधी लांब दांडे एकापुढे एक असे आडवे टाकले. त्यांच्या दोन्ही अंगांनी खुंट तिरपे ठोकले, ते दांड्यावर एकमेकांस छेदून कात्री धरतील असे. त्या कात्रीच्या बेचक्यात ओकच्या फळ्या ठेवल्या आणि फळ्यांना भोके पाडून उभ्या खुंट्यांनी त्या जागच्या जागी बसवल्या. म्हणजे चालणारा माणूस पाण्याच्या वर, एका वेळी एकच पाऊल मावेल अशा फळीवरून जात असे. आपल्या कोकणातील साकव डोळ्यांपुढे आणावा. फरक इतकाच की हा साकव ओढ्यावरचा नसून पावणेदोन किलोमीटर लांबीचा आहे. फळ्यांसाठी ओक, खुंटांसाठी हेझल, अ‍ॅश, लाइम, अल्डर असे लाकूड प्रकारानुसार निवडलेले आहे. करवत नव्हती, लोखंड नव्हते. दगडी कुऱ्हाडीने झाड पाडून पाचरीने ते उभे चिरले आहे.

या मार्गाचा काळ ज्या रीतीने ठरला ती रीत विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. आरंभी रेडिओकार्बन पद्धतीने केवळ शतकांच्या अंतराने अंदाज करता येत होता. नंतर ओकच्या फळ्यांतील वार्षिक वलयांच्या जाडीपातळीचा क्रम आयर्लंड, इंग्लंड व जर्मनीतील ओकच्या दीर्घ वलयमालिकांशी जुळवून पाहण्यात आला आणि १९९० मध्ये निर्णय जाहीर झाला : ही झाडे इ.स.पू. ३८०७ च्या हिवाळ्यात किंवा ३८०६ च्या वसंतात पाडली गेली. मेसोपोटेमियात लेखनकलेचा उगम होण्यापूर्वी कित्येक शतके झालेल्या एका घटनेचा आपण येथे ऋतू सांगू शकतो. अर्थात् वलयांवरून मिळतो तो झाड पाडल्याचा काळ, मार्ग बांधल्याचा नव्हे, हा भेद विसरून चालणार नाही. परंतु वाळलेला ओक दगडी हत्याराने चिरणे अतिशय कठीण. म्हणून लाकूड ओले असतानाच वापरले गेले हे अनुमान भक्कम आहे. शिवाय बहुतेक लाकूड एकाच वर्षीचे असल्याने मार्ग हळूहळू वाढत गेला नसून एका संकल्पाने उभा राहिला असे म्हणावे लागते. सर्व सामान आधी तयार करून जागेवर आणले असल्यास दहा माणसांनी तो एका दिवसात जोडला असता असा अंदाज मांडण्यात आला आहे. लाकूडतोड व वाहतूक यांचे श्रम अर्थातच याहून पुष्कळ अधिक. आपल्याकडील इर्जिकीसारखी काही पद्धत असल्याखेरीज हे काम होणे नाही. इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या आरंभीचे हे लोक नुकतेच शेतीकडे वळलेले होते. त्यांच्यात आज्ञा कोणाची चालत असे हे फळ्या सांगत नाहीत, पण एकत्र येऊन काम उरकण्याची शिस्त होती एवढे त्या निश्चित सांगतात.

दक्षिणेकडील टोकास वापरलेले ओक तरुण आहेत, तर उत्तरेकडील काही चारशे वर्षे वयापर्यंतचे आहेत. यावरून दोन वेगवेगळ्या रानांतून, कदाचित दोन गटांनी, दोन्ही बाजूंनी काम आणले असावे असा तर्क केला जातो. मला तो पटतो. पोल्डनच्या उतारावरील रान आधी एकदा तोडले जाऊन पुन्हा वाढलेले होते, आणि बेटाकडचे रान अजून अस्पर्श होते, एवढे तरी त्यावरून मान्य करावेच लागते. केवळ एका पायवाटेच्या फळ्यांवरून आसपासच्या अरण्याचा इतिहास वाचता यावा, ही गोष्ट आपल्या विषयात सहसा घडणारी नव्हे.

आता प्रश्न असा की ही वाट कशासाठी? मार्गाच्या कडेला मातीची भांडी सापडली, त्यांपैकी एकात हेझलची फळे होती. गारगोटीची बाणाग्रे सापडली, लाकडी भांडे सापडले. यावरून शिकार, मासेमारी, बेटावरील कुरणाकडे जाणेयेणे असा व्यावहारिक हेतू काढता येतो. पण त्याच वाटेच्या शेजारी जेडाइटची एक सुंदर, गुळगुळीत, कधीही न वापरलेली कुऱ्हाड मिळाली. हा हिरवा दगड इंग्लंडात मुळीच होत नाही. तो आल्प्स पर्वतातून आलेला आहे. अशी वस्तू चालता चालता हातून पडली आणि मालकाने ती शोधली नाही, हे संभवत नाही. म्हणून ती पाण्यास अर्पण केली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. या दोन मतांत जो वाद घातला जातो तो मला निरर्थक वाटतो. ज्या वारकऱ्याने चंद्रभागेत स्नान करून तीत पैसा टाकला, त्याने त्याच फेरीत बाजार केला नाही काय? वाट एका हेतूने बांधली जाते आणि लोक तिचा दहा हेतूंनी उपयोग करतात.

या वाटेचे आयुष्य मात्र फार थोडे होते. दुरुस्तीसाठी घातलेले शेवटचे लाकूड पहिल्या बांधणीनंतर साधारण दहा वर्षांच्या आतबाहेरचे आहे. नंतर पाणी चढले, बोरू वाढला, फळ्या बुडाल्या आणि मार्ग सोडून देण्यात आला. त्याच्याच रेषेत त्याहून जुनी एक वाट होती. तिच्या लाकडाचा काळ इ.स.पू. ३८३८ असा निघाला असून तिला ‘पोस्ट ट्रॅक’ म्हणतात. म्हणजे तीस वर्षांत एकाच जागी दोन वाटा झाल्या. पुढील तीन हजार वर्षांत याच खोऱ्यात अशा अनेक वाटा झाल्या. कोठे फळ्यांऐवजी हेझलच्या कांबींचे विणलेले ताटवे दलदलीवर अंथरलेले आढळतात. त्या कांबी इतक्या सारख्या जाडीच्या आहेत की झाड बुंध्याशी तोडून फुटव्यांचे पीक घेण्याची पद्धत त्या काळी रूढ होती असे मानण्यास जागा आहे. आयर्लंडमधील लाँगफर्ड परगण्यात कॉर्ली येथे १९८४ मध्ये सापडलेला रुंद ओकमार्ग हा याच परंपरेतला, पण फार उशिराचा. बॅरी रॅफ्टरी यांनी उत्खनन केलेल्या त्या मार्गाचे ओक इ.स.पू. १४८ च्या सुमारास पाडलेले आहेत. त्यावरून गाड्या जाऊ शकतील इतकी त्याची रुंदी आहे, आणि तोही आपल्याच भाराने थोड्याच वर्षांत दलदलीत रुतला. दलदलीतील वाट ही एकदा बांधून मोकळे होण्याची वस्तू नसून सतत राखण्याची वस्तू आहे, आणि राखणारे हात ज्या दिवशी थांबतात त्या दिवशी तिचा व्यवहारातील इतिहास संपून पुरातत्त्वातील इतिहास सुरू होतो.

वाटांच्या नावांविषयी येथे थोडे विषयांतर करणे आवश्यक वाटते. वेस्टहे आणि बर्टल या बेटांच्या दरम्यान पीट कापताना १८३५ च्या सुमारास लाकडी ओंडक्यांचा एक मार्ग उघडा पडला. लोकांनी त्यास ‘अ‍ॅबट्स वे’, म्हणजे मठाधिपतीची वाट, असे नाव दिले. ग्लॅस्टनबरीचा मठ हा मध्ययुगीन इंग्लंडातील अत्यंत संपन्न मठांपैकी एक. तेव्हा प्रदेशात जे जे जुने ते ते त्या मठाचे, हा लोकांचा हिशेब स्वाभाविक होता. आपल्याकडे प्रत्येक जुने लेणे पांडवांचे ठरते, त्यातलाच हा प्रकार. वस्तुतः हा मार्ग नवाश्मयुगीन असून मठ स्थापन होण्यापूर्वी तीन सहस्रकांहून अधिक काळ तो पीटखाली गेलेला होता. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी गॉडविन यांनी परागकणांच्या आधारे या प्रदेशातील वाटांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला आणि १९६० मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. कागदपत्रांत प्रवीण असलेल्या इतिहासकारांना जे जमले नव्हते ते परागकण मोजणाऱ्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने केले, याची नोंद आपण घेतलेली बरी.

मठाचा खरा वाटा निराळाच आहे. तेराव्या शतकात ब्रू नदीचा प्रवाहच बदलण्यात आला. पूर्वी ती वेडमोरच्या पूर्वेकडील खिंडीतून उत्तरेस अ‍ॅक्स नदीला मिळत असे. ती पश्चिमेकडे मीअरच्या तळ्यात वळवण्यात आली. या तळ्यातील मासे मठाच्या उत्पन्नाची बाब होती. चौदाव्या शतकात बांधलेले मासळीघर मीअर येथे अद्याप उभे आहे. तळे मात्र अठराव्या शतकापर्यंत आटवले गेले. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या आज्ञेने मठ बुडाला, मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग यास फाशी झाली आणि जमिनी सरदारांच्या हाती गेल्या. त्यानंतर सामाईक कुरणे कुंपणात घालून वाटून घेण्याची व पाणी काढून टाकण्याची जी लाट अठराव्या शतकाच्या अखेरीस आली, तिनेच आजच्या वाटांचा आराखडा आखला. १८०१ च्या कायद्याने ब्रू खोऱ्याच्या निचऱ्याचे काम हाती घेतले गेले, पाटासारखे सरळ नाले खणले गेले, आणि वाटून दिलेल्या शेतांपर्यंत गुरे नेण्यासाठी दोन नाल्यांमधून रुंद, सरळ वाटा सोडण्यात आल्या. तेथे त्यांना ‘ड्रोव्ह’ म्हणतात. आपल्याकडील पाणंद हा शब्द त्यास चांगला लागू पडतो. आजच्या नकाशावर ज्या वाटा पट्टीने ओढल्यासारख्या दिसतात त्या याच. त्यांच्या सरळपणात सामाईक हक्क गमावलेल्या अल्पभूधारकांचा इतिहास दडलेला आहे, हे त्यावरून चालणाऱ्यास कोणी सांगत नाही.

यानंतरचा अध्याय तर एकाच रेषेवरचा आहे. १८२७ च्या कायद्याने मंजूर झालेला ग्लॅस्टनबरीचा कालवा १८३४ मध्ये खुला झाला. हायब्रिजपासून ग्लॅस्टनबरीपर्यंत तो सुमारे १४ मैल जात असे. नौकेस पाणी चढते हवे आणि शेतकऱ्यास पाणी उतरते हवे. एकाच नाल्याकडून दोन्ही कामे करून घेण्याचा हा प्रयत्न फार काळ चालण्यासारखा नव्हता. वीस वर्षांतच, १८५४ मध्ये, कालव्याच्या काठावरून, म्हणजे नावा ओढणाऱ्या घोड्यांच्या वाटेवरून, लोहमार्ग घालण्यात आला आणि कालव्याचा बराचसा भाग निचऱ्याचा नाला होऊन राहिला. पीटवर लोहमार्ग टिकवणे हे स्वीट ट्रॅक टिकवण्याहून तत्त्वतः वेगळे काम नव्हे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅशकट स्थानकाजवळ पीट वाहणाऱ्या छोट्या गाडीच्या इंजिनास धडकून प्रवासी गाडीचे इंजिन शेजारच्या नाल्यात पडले. मऊ जमिनीवर अवजड यारी आणता येईना, म्हणून ते इंजिन जागच्या जागी तोडून तुकड्यांनी न्यावे लागले. १९६६ च्या मार्चमध्ये हा लोहमार्ग बंद झाला. रूळ काढून टाकले गेले आणि जो बांध उरला तो आज शापविक हीथ व हॅम वॉल या दोन राखीव पाणथळ क्षेत्रांमधून जाणारा पदयात्र्यांचा मुख्य मार्ग आहे. घोड्यांची वाट, आगगाडीची वाट आणि माणसांची वाट अशी तिन्ही रूपे एकाच बांधाने पाहिली.

पदभ्रमणाच्या चळवळीचे लक्ष मात्र या सखल प्रदेशाकडे उशिरा वळले. इंग्लंडातील ही चळवळ मूलतः डोंगरांची आहे. १९३२ च्या एप्रिलमध्ये किंडर स्काउटच्या पठारावर शिकारीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीत कामगार तरुणांनी सामुदायिक प्रवेश केला व त्यांतील काहींना तुरुंगवास झाला, ही घटना प्रसिद्ध आहे. १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याची जबाबदारी परगण्यांच्या मंडळांवर टाकली. १९६५ मध्ये पेनाइन पर्वतावरील पहिला दीर्घ पदमार्ग खुला झाला. थेम्स नदीच्या काठाचा मार्ग त्यानंतर थेट १९९६ मध्ये. याचे कारण केवळ कायद्यात शोधून भागणार नाही. स्वच्छंदतावादी कवींच्या काळापासून निसर्गसौंदर्य म्हणजे डोंगर आणि सरोवर असे समीकरण रूढ झाले होते, आणि दलदल ही हिवतापाची जागा, शक्य तर आटवून टाकण्याची जागा मानली जात होती. जे प्रेक्षणीय नाही त्यातून चालण्याचा हक्क कोण मागणार?

दलदलीचे मोल वाढले ते ती जवळपास संपल्यावर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रांनी पीट काढण्याचे काम झपाट्याने झाले. बगळ्याच्या कुळातील बिटर्न या पक्ष्याचे घुमणारे नर १९९७ मध्ये साऱ्या ब्रिटनमध्ये अवघे ११ उरले होते. पीट काढून झालेले खड्डे पाण्याने भरून बोरूची बेटे पुन्हा वाढवण्यात आली आणि बिटर्न तेथे पुन्हा वीण करू लागला. मोठा पांढरा बगळा तर २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथमच शापविक हीथमध्ये घरटे करून राहिला. आज पदयात्री ज्या ‘नैसर्गिक’ बोरूवनातून चालतो ते पीटच्या खाणीत उगवलेले आहे, आणि त्याच खाणींनी अ‍ॅबट्स वे सारख्या वाटांचा मोठा भाग नाहीसा केला. ज्या कुदळीने वाट दाखवली तिनेच ती तोडली. पीट कापले गेले नसते तर स्वीट ट्रॅकचा पत्ता लागला नसता, आणि तसेच कापत राहिले असते तर आज तो उरला नसता.

उरलेल्या भागाची व्यवस्था यावरूनच ठरली. मार्गाचे काही भाग उचलून ब्रिटिश म्युझियममध्ये नेण्यात आले. पण पुष्कळसा मार्ग शापविक हीथच्या राखीव क्षेत्रात जागेवरच ठेवलेला आहे. भोवतालच्या शेतांचा निचरा चालू असल्याने भूजल खाली जाते, पीट वाळते, हवा शिरते आणि लाकूड कुजू लागते. म्हणून सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात पंपाने पाणी आणून सोडण्यात येते. शेजारच्या नाल्यातून शेते कोरडी ठेवण्यासाठी पाणी बाहेर काढले जाते आणि थोड्या अंतरावर वाट भिजती ठेवण्यासाठी ते आत घातले जाते. पदयात्र्यास दाखवण्यासाठी वेगळा फळ्यांचा मार्ग केलेला आहे. मूळ वाट त्याच्या पायांपासून दूर, पाण्याखाली आहे.